हॅम रेडिओसाठी ऐंशी हजारांचा लॅपटॉप लागत नाही

इंदूरमध्ये हौशी (म्हणजे हॅम) रेडिओच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘हॅम व्हायचे तर आधी कॉम्प्युटर नीट घ्या. किमान आय-सेव्हन, १६ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे ऐंशी हजार धरून चला. विंडोज ११ लागतेच, लिनक्सवर हॅमचे काही चालत नाही. विंडोज १० बंद झाले, तेव्हा जुना लॅपटॉप भंगारात द्या. केबल कुठलीही चालते. इंटरनेट असले की वेळेची चिंता नको. बँडवर खरखर असेल तर जुना कॉम्प्युटर बदला.’ सुदामा नगरातल्या एका बारावीच्या मुलाने हा संदेश मला दाखवून विचारले, “काका, एवढे पैसे बाबांकडे मागू तरी कसे?” मागायची गरज नाही, हे त्याला तोंडी सांगितलेच. पण संदेश पुढे जातोच आहे, म्हणून एकेक मुद्दा लिहून काढतो.

मुळात माइकवर बोलायला किंवा मोर्स पाठवायला कॉम्प्युटर लागतच नाही. रिग (म्हणजे रेडिओ संच), अँटेना, पॉवर सप्लाय, झाले. कॉम्प्युटरचा प्रश्न येतो तो डिजिटल मोड (कॉम्प्युटरने पाठवायचे संदेश), लॉगिंग (संपर्कांची नोंद), रेडिओचे प्रोग्रामिंग आणि एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) यांसाठी.

‘आय-सेव्हन आणि १६ जीबी’ हा आकडा कुठून आला ते मला कळत नाही. आज बँडवर (हॅमना दिलेल्या लहरींच्या पट्ट्यात) सर्वांत जास्त गजबज ज्या डिजिटल मोडची असते, त्या एफटी८चेच उदाहरण घेऊ. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी हा मोड २०१७ मध्ये आणला. हे टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारेच. एफटी८चा सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झ रुंद असतो. दर १५ सेकंदांचा एक डाव, त्यात १२.६४ सेकंद प्रसारण. उरलेल्या दोन-अडीच सेकंदांत कॉम्प्युटरने आलेले सगळे सिग्नल उलगडायचे आणि तुम्ही उत्तर कोणाला द्यायचे ते ठरवायचे. जोर लागतो तो एवढ्याच वेळात, आणि तोही साउंड कार्डातून येणाऱ्या तीन-एक किलोहर्ट्झ आवाजावर. ग्राफिक्स कार्डाचा यात काही संबंध नाही. एफटी८साठीचे डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरवरसुद्धा नीट चालते. जुना प्रोसेसर संध्याकाळी भरलेल्या, एफटी८च्या १४.०७४ मेगाहर्ट्झवर मागे पडू लागला, तर डिकोडच्या मेनूत ‘डीप’ऐवजी ‘फास्ट’ निवडावे. एखाददुसरा अगदी क्षीण सिग्नल निसटेल, पण उत्तर वेळेवर जाईल. एसडीआरवर कित्येक मेगाहर्ट्झचा वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारा सरकता आलेख) एकदम पाहायचा असेल किंवा दोन मॉनिटर लावून कॉन्टेस्ट (जास्तीत जास्त संपर्कांची स्पर्धा) खेळायची असेल, तर मात्र ताकदवान मशीन उपयोगी पडते. ते नव्या हॅमचे पहिले काम नव्हे.

विंडोजचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मी लपवणार नाही. कॉन्टेस्टसाठी लोकप्रिय असलेले एन१एमएम लॉगर विंडोजचेच आहे. हॅम रेडिओ डिलक्सही तसेच. डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या बहुतेक हँडसेटचे प्रोग्रामिंग आणि अनेक रिगचे फर्मवेअर अपडेट विंडोजवरूनच करावे लागते. रेडिओवरून ईमेल पाठवणाऱ्या विनलिंकसाठी वापरले जाणारे वारा हे मोडेम सॉफ्टवेअरही मूळ विंडोजचे. तुमचे मन यांत असेल तर विंडोजच ठेवा, वाद नाही. पण ‘लिनक्सवर काही चालत नाही’ हे साफ चूक. डब्ल्यूएसजेटी-एक्स, इतर डिजिटल मोडसाठी एफएलडिजी आणि जेएस८कॉल, साध्या हँडसेटच्या प्रोग्रामिंगसाठी चर्प, उपग्रहांचा माग काढणारे जीप्रेडिक्ट, एपीआरएससाठी (रेडिओवरून आपले ठिकाण आणि छोटे संदेश कळवण्याच्या पद्धतीसाठी) डायरवुल्फ हे सगळे लिनक्सवर चालते आणि फुकट मिळते. पॅकेट रेडिओचा (रेडिओवरून डेटा पाठवण्याच्या पद्धतीचा) एएक्स.२५ हा प्रोटोकॉल तर १९९० च्या दशकातच लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आला होता. लॉग एडीआयएफ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतो. त्यामुळे आज विंडोजवर केलेले संपर्क उद्या दुसरीकडे नेता येतात. मॅकवाल्यांनीही निराश होऊ नये. वरच्या यादीतले बरेचसे तिथेही चालते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हेही खरे. त्यावरून घरातला सहाव्या पिढीचा, चांगला चालणारा लॅपटॉप भंगार ठरत नाही. त्यावर लिनक्स मिंट किंवा डेबियन टाका. रॅम चार जीबीची आठ करता आली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, की तो स्टेशनवर अनेक वर्षे काम देईल.

रिग कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केबलचा मुद्दा मात्र मला सर्वांत घातक वाटतो, कारण नवा हॅम इथेच अडकतो आणि दोष कॉम्प्युटरला देतो. जेल रोडवर नुसती ‘प्रोग्रामिंग केबल’ मागितली तर दुकानदार एक पाकीट हातात ठेवतो. आतली चिप कोणती, हे त्यालाही ठाऊक नसते. जुनी किंवा नकली प्रोलिफिक चिप निघाली, तर विंडोजचा नवा ड्रायव्हर ती नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो. तीच केबल लिनक्सवर बहुधा निमूट चालते. लिनक्सच्याही स्वतःच्या खोड्या आहेत. पोर्ट दिसते पण उघडत नाही, तेव्हा तुमचे खाते ‘डायलआउट’ या गटात घालून पुन्हा लॉगिन करावे लागते. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपची केबल लावली की पोर्ट क्षणभर दिसून गायब होते. ब्रेल पडद्यासाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्राम ते आपले समजून ताब्यात घेतो. घरात कोणी ब्रेल पडदा वापरत नसेल तर तो काढून टाका, पोर्ट परत येते. खरेदी करताना एफटीडीआय किंवा सिलिकॉन लॅब्जची चिप मागा आणि परत घेण्याची बोली करूनच पैसे द्या. आयसी-७३०० सारख्या रिगमध्ये साउंड कार्ड आणि सिरियल पोर्ट आतच असतात, तिथे साधी यूएसबी केबल पुरते.

वेळेचे म्हणाल तर एफटी८ला घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर लागते. पावसाळ्यात वीज गेली की राउटरही जातो, आणि रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. तो पुन्हा सुरू होतो तो चुकीच्या वेळेवर. छोटे आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवरचे घड्याळ) किंवा जीपीएस जोडले की हा प्रश्न मिटतो. त्याहून फसवी गोष्ट घडते एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, धरते. नेट नसताना एकातून दुसऱ्यात गेलात की वेळ साडेपाच तासांनी सरकते. आणि साडेपाच तासांना १५ सेकंदांनी पूर्ण भाग जातो! त्यामुळे डिकोड व्यवस्थित होत राहते, संपर्कही होतात, आणि लॉग मात्र सगळा चुकीच्या वेळेचा. एलओटीडब्ल्यूमध्ये (संपर्कांची पुष्टी देणाऱ्या ऑनलाइन सेवेत) दोन्ही बाजूंच्या वेळा अर्ध्या तासाच्या आत जुळाव्या लागतात, म्हणून त्यातल्या एकाही संपर्काची पुष्टी मिळत नाही. लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेचे आहे असे सांगायला एकच आज्ञा लागते. ती पहिल्याच दिवशी देऊन ठेवा.

खरखरीचा दोष कॉम्प्युटरच्या वयावर टाकणेही बरोबर नाही. ४० मीटरच्या बँडवर वॉटरफॉल लावा, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा आणि अडॅप्टर भिंतीतून काढा. उभ्या रेषा गेल्या तर गुन्हेगार अडॅप्टर, आणि तो अगदी नव्या लॅपटॉपचाही असू शकतो. ३१ नंबर मिक्सच्या (खरखर अडवणाऱ्या) फेराइट कड्यात त्याच्या वायरचे पाच-सहा वेढे घालून पाहा. रेषा तशाच राहिल्या तर घरातले एलईडी दिवे एकेक बंद करा, मग गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरकडे वळा.

संदेशात नसलेली एक गोष्ट सांगतो: कॉम्प्युटर कोणताही असो, त्याचे नोटिफिकेशनचे आवाज रिगच्या साउंड कार्डाकडे जाऊ देऊ नका. नाहीतर तुमचा ‘टिंग’ हवेत प्रसारित होतो.

परवाना हातात येईपर्यंत नवीन काहीच घेऊ नका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ) घरच्या जुन्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडून बँड ऐकायची सवय करा, त्याचा आवाज डब्ल्यूएसजेटी-एक्सला देऊन डिकोड करून पाहा. वाचलेल्या पैशांतून आधी एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना रिगशी जुळते का ते दाखवणारा), चांगली कोॲक्स (अँटेनाची केबल) आणि गच्चीवर ४० मीटर बँडच्या डायपोलसाठी (तारेच्या साध्या अँटेनासाठी) साधारण २० मीटर तांब्याची तार घ्या.