उपग्रह कुठे पडणार, हे कोणी लपवत नाही

जुना उपग्रह खाली येऊ लागला की एक संदेश हमखास फिरतो : 'ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत सांगणाऱ्यांना उपग्रह कधी, कुठे पडणार हे माहीत असतेच. लोक घाबरतील म्हणून लपवतात. नाहीतर इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स ठरवून समुद्रात कसा पाडला?'

आधी ग्रहणाचे बोलू. चंद्राला अडवायला वाटेत हवा नाही. तीनशे किलोमीटरवरच्या उपग्रहाला ती आहे. अतिविरळ, पण अखंड वेग खाणारी. शिवाय सूर्य खवळला की वरचे वातावरण तापून फुगते आणि त्या उंचीवरची हवा दाट होते. म्हणजे उपग्रहाचे भाकीत करायचे तर आधी सूर्याचे करावे लागते. स्पेस शटल हे नवे अवकाशयान तयार होईपर्यंत स्कायलॅब हे अंतराळस्थानक टिकेल, मग शटलने ते उंच नेता येईल, असा नासाचा बेत होता. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त सक्रिय निघाला आणि ११ जुलै १९७९ ला स्कायलॅब कोसळले. तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. शटल पहिल्यांदा उडाले १९८१ मध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच उड्डाणातल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ४० पर्यंत उपग्रह सूर्यामुळे उठलेल्या भूचुंबकीय वादळात गेले. हे आधी कळते, तर स्वतःचे नुकसान करून घ्यायला कोण उड्डाण करील?

त्यात बंद पडलेला उपग्रह कोलांट्या खात असतो. कधी रुंद बाजू हवेला सामोरी, कधी कड. रोध सतत बदलतो.

आता लपवालपवी. कक्षेची आकडेवारी सार्वजनिक असते, हौशी निरीक्षकही त्यावरून गणित मांडतात, आणि त्यांनाही तीच अडचण येते. अंदाजातली चूक साधारणपणे उरलेल्या काळाच्या पाचव्या हिश्शापर्यंत धरतात : पाच दिवस उरले, तर एक दिवस पुढेमागे. वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर. मिनिटभराची चूक म्हणजे साडेचारशे किलोमीटरहून अधिक! तासभर पुढेमागे म्हटले, तर त्या दोन तासांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा होऊन वर वेळ उरतो. मग गावाचे नाव कुठून सांगणार?

मेघा-ट्रॉपिक्सचा मुद्दा मात्र रास्त आहे, उत्तरही सोपे आहे. त्याच्यात इंधन शिल्लक होते, इंजिने चालत होती, म्हणून ७ मार्च २०२३ ला तो प्रशांत महासागराकडे वळवता आला. चीनचे तियानगाँग-१ हे अंतराळस्थानक मार्च २०१६ मध्येच बंद पडले होते. २ एप्रिल २०१८ ला तेही दक्षिण प्रशांतातच पडले, पण ती जागा कोणी निवडलेली नव्हती.