'एकाच कंपनीत सलग दहा वर्षं' वाला मेसेज साफ चुकीचा आहे

कुपवाड, मिरज, पलूस, जिथं एमआयडीसी तिथल्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. म्हणणं असं की पीएफची पेन्शन हवी तर एकाच कंपनीत सलग दहा वर्षं लागतात, कंपनी बदलली की मोजणी परत शून्यापासून, दहाच्या आत माणूस कायमचा जायबंदी झाला किंवा गेलाच तर घरच्यांना काही नाही, म्हणून नोकरी सुटली की पेन्शनचे पैसे काढून मोकळे व्हा. खाली 'सर्व कामगार बांधवांना पाठवा'. पाठवू नका, बाबांनो.

आधी 'एकाच कंपनीत'. 1995 च्या ईपीएस योजनेत, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेत, मेंबरची एकूण नोकरी मोजतात, मालक कितीही बदलू देत. तीन वर्षं कुपवाड, चार वर्षं शिरवळ, साडेतीन पलूस, झाली साडेदहा, आणि सहा महिने किंवा त्याच्यावर असले तर पूर्ण वर्ष धरतात म्हणून ती अकरा. त्याच हिशोबानं साडेनऊवाल्याचीही दहा भरतात. फक्त जुनी नोकरी नव्या खात्यात ट्रान्सफर झालेली पाहिजे. घोळ होतो तो इथंच, ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा कायमचा नंबर, विचारतच नाही, दुसराच काढून देतो, आणि पोरगं दोन नंबर घेऊन फिरतंय. शिवाय ट्रान्सफर झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही आणि लोक घाबरतात की पैसे खाल्ले. तसं नसतं, पुढं जाते ती सर्व्हिस, म्हणून पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्ट्री बघा, तारखा नीट आहेत का ते बघा.

'सलग' पण खोटं. मधे वर्षभर घरी बसला तरी आधीची वर्षं पुसत नाहीत. आणि साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांना तर हे कोणी सांगतच नाही, हंगामी माणसानं वर्षात गळिताचे चार-पाच महिनेच काम केलं असलं तरी नियमात ते पूर्ण वर्ष धरतात.

अपघाताचं वाक्य वाचून मात्र डोकं फिरलं. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी जमा असली तरी चालतं. मेडिकल बोर्डापुढं जावं लागतं, बोट तुटलं म्हणून मिळत नाही, तो माणूस तेव्हा करत होता ते काम आता करू शकत नाही असं ठरावं लागतं. नोकरीत असताना माणूस गेला तरी तसंच, बायकोला पेन्शन, आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या 25 टक्के, वयाच्या 25 पर्यंत. आता आपल्याकडं गल्लत अशी होते की लोक 40 टक्क्यांचा अपंगत्वाचा दाखला घेऊन पीएफ ऑफिसला जातात. तो दाखला चालतो संजय गांधी निराधार योजनेला, तिथं उत्पन्नाची अट असते आणि अर्ज तहसीलला. खातं वेगळं, नियम वेगळे.

पैसे थोडे मिळतात हे मात्र खरंय, त्याबद्दल भांडायचं तर मी पण येतो. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले 70, पगार धरायचा जास्तीत जास्त 15,000, म्हणजे दहा वर्षांचे महिन्याला 2,143 च्या आसपास, तेही वयाच्या 58 ला. पन्नाशीनंतर लवकर घेता येते पण दर वर्षामागं 4 टक्के कट. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वरच अडकलीय. 1,000 रुपयांत आज काय येतं?

पण म्हणून काढून मोकळं व्हायचं? अहो, मोजणी शून्यावर येते ती नेमकी पैसे काढल्यामुळंच! आठ वर्षांचे काढले की ती आठ वर्षं गेली, पुढच्या कंपनीत पहिल्यापासून सुरू, म्हणजे मेसेज ज्याची भीती घालतोय तेच तो करायला लावतोय. आणि दहा भरल्यावर तर एकरकमी काढताच येत नाहीत. दहाच्या आत नोकरी सुटली आणि पुढचं काही ठरलं नसलं तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या नोकरीचा दाखला, घ्या, पुढं नोकरी लागली की ती वर्षं जोडली जातात. त्याचा फॉर्म पण 10 सीच आहे, त्यातनंच पैसे निघतात आणि त्यातनंच सर्टिफिकेट मिळतं, आणि सायबर कॅफेवाला न विचारता पैशांवर टिक करून टाकतो, तेव्हा त्याच्या स्क्रीनकडं बघत बसा.