‘फिटिंग म्हणजे चोचले’ या प्रतिक्रियेला उत्तर

रामराम काका,

पन्हाळ्याच्या चढावर सुरू झालेली गुडघेदुखी आणि त्यासाठी करून घेतलेलं बाइक फिटिंग (चालवणाऱ्याच्या शरीराप्रमाणे सायकलची सीट, क्लीट वगैरे मोजून लावणं) यावरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फिटिंग म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. तुमचे वडील वडणग्याहून दुधाच्या किटल्या लावून रोज कोल्हापुरात यायचे, त्यांनी कधी गुडघा धरला नाही. सीट वरखाली करायला मिस्त्रीला दहा मिनिटं पुरतात. आणि माझं दुखणं विश्रांतीनं गेलं, श्रेय मात्र मी फिटिंगला दिलं. वर, लेख वाचून तुमचा मुलगा फिटिंगसाठी पुण्याला जायचा हट्ट धरून बसलाय. त्याचाही गुडघा दुखतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या वडिलांच्या सायकलवर पाय मोकळा होता. रबरी पायडल, त्यावर चप्पल. टाच आत वळवायची की बाहेर, हे पाय आपलं आपण ठरवायचा. अवघडलं की पाऊल सरकवायचं, मोठा चढ आला की उतरून ढकलायचं. तुमच्या मुलाच्या रोड बाइकवर तसं नाही. बुटाच्या तळाला क्लीट नावाची पट्टी असते, ती पायडलमध्ये खटकन बसते आणि मग पाऊल तिथंच, जवळजवळ त्याच कोनात राहतं. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर तासाला 4,800 वेळा तो गुडघा तसाच वाकतो. कोन चुकीचा असेल तर प्रत्येक फेरीला थोडा ताण पडतो, आणि पाय हलवून तो चुकवताही येत नाही. तुम्ही उद्यमनगरात लेथवर उभी हयात काढलीत असं लिहिलंय. चकमध्ये धरलेला जॉब डायल लावून ट्रू, म्हणजे बरोबर मध्यावर, केल्याशिवाय तुम्ही टूल लावला नसणार. सायकलवर बसलेल्या माणसाचं तेच करायचं असतं.

आता मिस्त्रीबद्दल. आपल्याकडचे मिस्त्री हाताचे पक्के आहेत, त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण सीट किती वर हवी हे सायकलशेजारी उभं राहून कळत नाही, पाय फिरताना बाजूनं बघावं लागतं. फिटिंग करणाऱ्यानं (फिटरनं) माझी सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवली, खुब्याच्या हाडावर, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आणि घोट्यावर खुणेचे स्टिकर लावले आणि घाम फुटेपर्यंत पायडल मारायला लावलं. मग पायडल तळाला थांबवून कोनमापक लावला. गुडघा 40 अंश वाकलेला होता. असं थांबवून मोजताना तो साधारण 25 ते 35 अंशांत असावा, असं धरतात. म्हणजे माझी सीट खाली होती. पाय पूर्ण सुटतच नव्हता आणि सगळा दाब गुडघ्याच्या वाटीवर येत होता. सीट टप्प्याटप्प्यानं 18 मिलिमीटर वर गेली. नंतर समोरून पाहिलं, तर उजवा गुडघा दर फेरीला आतल्या नळीकडे झुकत होता. चालताना माझं उजवं पाऊल जरा बाहेर वळतं आणि क्लीटनं ते सरळ जखडलं होतं. क्लीट वळवून, जरा हलू देणारी बसवली. (शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळी 6 अंश हलू देते, निळी 2 आणि लाल अजिबात नाही. रेसवाले लाल वापरतात म्हणून आपणही घ्यावी, असं मुळीच नाही.)

विश्रांतीनं दुखणं जायचं, हे खरंच आहे. पण परत वाघबीळ सोडून चढाला लागलं की ते हजर व्हायचं. हे चक्र फिटिंगनंतर थांबलं. मांडीचे आणि कुल्ल्याचे व्यायाम मी तेव्हाच सुरू केले होते आणि चढावर जड गिअर रेटणंही सोडलं होतं. त्यांचा वाटा मी नाकारत नाही. कुणी चांगला फिटर तो नाकारणारही नाही.

पैशांबाबत मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. साध्या पायडलवर रंकाळ्याला चार फेऱ्या मारणाऱ्यानं फिटिंगवर एक रुपयाही घालवू नये. तुमच्या मुलानंही आधी घरचे फुकटचे उपाय करून बघावेत. भिंतीला टेकून सायकलवर बसायचं, अनवाणी टाच तळाच्या पायडलवर ठेवायची. कंबर न झुकवता पाय सरळ झाला, तर उंची बरीचशी बरोबर. दुसरा हिशोब अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखला जातो: अनवाणी उभं राहून मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं आणि त्याला 0.883 नं गुणायचं. माप 80 सेंटिमीटर असेल तर क्रँक (पायडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 70.6 सेंटिमीटर येतं. हा अंदाज आहे, क्रँक 165 मिलिमीटर लांबीची की 175 ची हे त्याला कळत नाही. बदल एका वेळी पाच मिलिमीटरच करायचा, आधीच्या जागी सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) चिकटपट्टी लावायची आणि दोन-चार हलक्या राइड त्यावर काढायच्या.

एवढं करूनही थांबलं नाही, तर पुण्याला जाऊ द्या त्याला. ‘गुडघा दुखतोय, सोड ती सायकल’ असं ऐकून चांगली चालवणारी पोरं सायकल माळ्यावर टाकतात, ते मला फार लागतं. पण गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल, पाय दगा देत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर फिटरआधी हाडांचे डॉक्टर. यात चालढकल नको.

त्याला विचारून मला एवढं कळवा: नेमकं कुठं दुखतं? वाटीसमोर दुखत असेल तर बहुधा सीट खाली किंवा फार पुढे, नाहीतर गिअर जड. मागच्या लवणीत असेल तर सीट जास्त वर असल्याचा संशय. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला असेल तर क्लीट आधी तपासायची. क्लीटचा रंग आणि क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेला लांबीचा आकडाही बघून ठेवायला सांगा. रविवारी सकाळी तो केर्लीकडे येणार असेल, तर मी बाजूनं त्याचा व्हिडिओ काढून देतो.