‘सही तर आईबापांनीच केली ना?’ : एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल (आपला पायाने खेळायचा नव्हे, अंगावर धडकून खेळायचा अमेरिकन फुटबॉल) खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांवर मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. उत्तर लांबलं, म्हणून स्वतंत्रच टाकते आहे. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. या मुलांना फुकट शिक्षण मिळतं आणि आता पैसेही मिळतात. मुलगा आणि आईबाप राजीखुशीने सही करतात. २०२० मध्ये कोविडमुळे सीझन पुढे ढकलला, तेव्हा हेच पालक ‘खेळू द्या’ म्हणत निदर्शनं करायला गेले. तुमचा मुलगा लातूरला बारावी करत होता तेव्हा पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत अभ्यासाला जुंपलेला असायचा, त्याला कुणी अन्याय म्हटलं नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘तुम्हाला हा खेळ बंदच करायचाय का?’

लातूरपासूनच सुरुवात करते, कारण तुमचा राग तिथून आलाय असं वाटतं आणि तो मला समजतो. कष्टाला माझा विरोध नाही. ओहायोत राहायला आल्यापासून ज्या ज्या फुटबॉलवाल्या पालकांशी बोलले, त्यांच्यातल्या कुणाचाच नाही. पहाटे उठावं लागतं, अंग ठणकतं, मित्रांच्या लग्नाला जाता येत नाही, ही त्यांची तक्रार नसते. उलट त्याचा त्यांना अभिमान असतो. पण तुमचा मुलगा लातूरला तापाने फणफणला असता, तर तुम्ही पहिली एसटी पकडून गेला असता, त्याला घरी आणलं असतं आणि तुमच्या विश्वासाच्या डॉक्टरला दाखवलं असतं. त्या डॉक्टरचा पगार क्लासवाले देत नव्हते. मुलाला आज अभ्यासाला बसवायचं की झोपू द्यायचं, हा निर्णय तुमच्या हातात होता. कॉलेज फुटबॉलमध्ये तो आईबापांच्या हातात राहत नाही, आणि कुणाच्या हातात जातो हे त्यांना सहसा काहीतरी विपरीत घडल्यावरच कळतं. माझा सगळा लेख या एका गोष्टीसाठी होता.

जॉर्डन मॅकनेरचं उदाहरण मी लेखात ओझरतं दिलं होतं. तुम्ही त्याला ‘एखादा अपघात’ म्हणालात, म्हणून जरा नीट सांगते.

जॉर्डन १९ वर्षांचा होता, मेरिलँड विद्यापीठाच्या संघात लाइनमन. लाइनमन म्हणजे संघातली सगळ्यात धिप्पाड मुलं, आणि उष्माघाताचा धोकाही त्यांनाच जास्त. २९ मे २०१८ ला सीझन सुरू व्हायला अजून तीन महिने होते. त्या दुपारी ११० यार्डांच्या धावा एकामागून एक चालल्या होत्या, तेव्हा त्याची तब्येत बिघडली. विद्यापीठाने नंतर बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करून घेतली. लक्षणं दिसल्यापासून रुग्णवाहिकेसाठी फोन जाईपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला होता, असं तिच्यात दिसलं. त्याच्या शरीराचं तापमान कुणी मोजलं नव्हतं. बर्फाच्या पाण्यात बुडवणं हा साधा उपायही केला नव्हता. श्रमामुळे झालेल्या उष्माघातात आधी अंग थंड करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं, हे क्रीडावैद्यकात सर्वमान्य आहे. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर माणूस जवळजवळ नेहमीच वाचतो. जॉर्डनचं यकृतही बदललं, पण १३ जूनला तो गेला.

पुढे विद्यापीठाच्या अध्यक्षांनी आईवडिलांपुढे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. तरीही ३० ऑक्टोबरला मुख्य कोचला पुन्हा कामावर घेतल्याचं जाहीर झालं. ते ऐकून जॉर्डनचे वडील मार्टिन मॅकनेर म्हणाले की, पोटात गुद्दा बसावा आणि वर कुणी तोंडावर थुंकावं तसं वाटतंय. एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी कोचला काढावं लागलं. २०२१ मध्ये विद्यापीठाने कुटुंबाला ३५ लाख डॉलर भरपाई द्यायचं मान्य केलं. त्याच वर्षी मेरिलँड राज्याने खेळाडूंच्या सुरक्षेसाठी जॉर्डनच्या नावाने कायदा केला.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब. अॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममध्ये वजनं उचलायला लावणारा माणूस नव्हे. मैदानावर दुखापत बघणारा, तापमान मोजणारा, ‘याला बाहेर काढा’ म्हणणारा वैद्यकीय माणूस तोच. जॉर्डन गेला त्याच्या वर्षभर आधी याच विद्यापीठात एक प्रस्ताव आला होता. ट्रेनरांना क्रीडा विभागाखाली न ठेवता वैद्यकीय महाविद्यालयाखाली ठेवावं, म्हणजे त्यांचा पगार आणि बढती क्रीडा विभागावर अवलंबून राहणार नाही, असा तो होता. तो फेटाळला गेला. मोठ्या कॉन्फरन्सनी, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांनी, २०१६ मध्येच नियम केला होता की वैद्यकीय निर्णयात डॉक्टर आणि ट्रेनर यांचा शब्द अंतिम, कोचला त्यात बोलता येणार नाही. नियम कागदावर होता आणि ट्रेनरचा साहेब क्रीडा विभागातला होता. हा अपघात नव्हे. तिथे थांबा म्हणायला मोकळा माणूसच ठेवलेला नव्हता.

सहीकडे येते. तुम्ही म्हणता ते खरं आहे, सही पालकांचीच असायची. २०२४ मध्ये बंद होईपर्यंत खेळाडूला विद्यापीठाशी बांधून घेणारं जे करारपत्र चालत होतं, त्यावर मुलगा २१ वर्षांखालचा असेल तर आईची किंवा वडिलांची सही सक्तीची होती. पण मुलगा कॉलेजात पाऊल टाकतो त्या दिवसापासून केंद्रीय कायद्याने त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचे हक्क त्याचे एकट्याचे होतात, आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याच्या तब्येतीची माहितीही त्याच्या परवानगीशिवाय सहसा घरी कळवता येत नाही. गावात येऊन, दिवाणखान्यात बसून, आईच्या हातचं जेवून ‘तुमच्या मुलाची काळजी आमच्यावर सोडा’ म्हणणारा कोच असतो. तोच विभाग पुढे ‘तुमचा मुलगा सज्ञान आहे’ म्हणून फोन ठेवतो. सज्ञान मुलाच्या खाजगीपणाच्या मी विरोधात नाही. पण आत घेताना पालक हवेत आणि आत घेतल्यावर नकोत, हे मला पटत नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचा मुलगा एका मध्यम दर्जाच्या कॉलेजात लाइनमन आहे. सामना संपल्यावर खेळाडू ज्या दारातून बाहेर येतात, तिथे कुंपणापाशी त्या उभ्या असतात. मी एकदा सोबत होते. बाकीचे गुणफलकाबद्दल बोलत होते, या मात्र मुलाचे पाय बघत होत्या. पायऱ्या उतरताना कठडा धरतोय का, पार्किंगच्या दिव्यांकडे बघताना डोळे बारीक करतोय का, बॅग कुठल्या खांद्यावर आहे. मग त्याला मिठी मारताना हात हळूच मानेच्या मागे नेऊन बघितला. मागच्या सीझनमध्ये जेवताना त्याने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता, तेव्हापासून त्या असं बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजात फोन केला, तर उत्तर मिळालं की मुलाच्या लेखी परवानगीशिवाय काही सांगता येणार नाही. मुलाने परवानगी दिली नाही. आई काळजी करेल आणि कोचला कळेल, ही त्याची भीती. त्यातली दुसरी भीती मोठी.

‘आठवड्याला २० तासांचा नियम आहेच की’ असं तुम्ही लिहिलंय. नियम आहे, १९९१ पासून. सीझनमध्ये आठवड्याला २०, दिवसाला ४ तास. पण सामन्याचा अख्खा दिवस त्यात ३ तास म्हणून धरतात. प्रवास धरत नाहीत. दुखापतीवरचे उपचार, घोट्याला पट्ट्या बांधून घेणं धरत नाहीत. ‘ऐच्छिक’ व्यायाम धरत नाहीत, आणि त्या ऐच्छिक व्यायामाला न जाणारा मुलगा शनिवारच्या सामन्यात बाकावर बसतो हे प्रत्येक पालकाला ठाऊक असतं. एनसीएए या नियामक संस्थेच्याच २०१० च्या सर्वेक्षणात वरच्या श्रेणीतल्या फुटबॉल खेळाडूंनी सीझनमधले तास सांगितले, ते आठवड्याला सुमारे ४३ निघाले. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या खेळाडूंनी कामगार संघटना बांधायची परवानगी मागितली. तेव्हा कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने वेळापत्रकं तपासली आणि सीझनआधीच्या सराव शिबिराच्या काळात ५० ते ६० तास, सीझनमध्ये ४० ते ५० तास असं नोंदवलं. पुढच्या वर्षी वरच्या मंडळाने ते प्रकरण आपल्या अखत्यारीत घ्यायला नकार दिला, पण तासांची नोंद राहिली. त्या मागणीचा पुढारी केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राचा आवश्यक वर्ग प्रॅक्टिसच्या वेळेवर येत होता. त्याने शेवटी विषय बदलला. ‘फुकट शिक्षण’ म्हणताना हा मुलगा तुमच्या डोळ्यांसमोर यावा असं मला वाटतं. तुम्हीसुद्धा एका मुलाचे वडील आहात, आणि रसायनशास्त्राच्या एका पेपरावर काय काय अवलंबून असतं हे लातूरला मुलगा ठेवलेल्या माणसाला मी सांगायला नको.

शिवाय स्कॉलरशिप म्हणजे चार वर्षांची हमी असं आपण धरून चालतो. १९७३ पासून २०१२ पर्यंत ती एकेका वर्षाचीच देता येत असे. २०१५ मध्ये पाच मोठ्या कॉन्फरन्सनी, खेळ चांगला झाला नाही म्हणून स्कॉलरशिप काढायला बंदी घातली. ही चांगली सुधारणा आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पैशांचंही तसंच. जुलै २०२१ पासून खेळाडू जाहिरातींतून कमवू शकतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली, तेव्हापासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हे पैसे या मुलांच्या हक्काचे आहेत, त्यांना उशिरा मिळाले असं माझं ठाम मत आहे. पण त्याने माझा मुद्दा सुटत नाही. क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाची चाल ठरवणाऱ्या मुख्य खेळाडूला, मिळणारी रक्कम राखीव लाइनमनच्या घरी पोचत नाही. आणि पैसे घेतलेल्या मुलाला ‘आज डोकं दुखतंय, मी बसतो’ म्हणणं सोपं होतं की अवघड, याचा विचार तुम्हीच करा.

डोक्याचा विषय निघालाच आहे तर. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मरणोत्तर दान केलेल्या २०२ फुटबॉल खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कॉलेजपर्यंतच खेळलेले ५३ होते, आणि त्यांतल्या ४८ जणांच्या मेंदूत सीटीई हा वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला आजार आढळला. ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांचेच मेंदू जास्त आले, म्हणून हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. संशोधकांनीही ते लावलेलं नाही. पण आजाराची चिन्हं दिसायला अनेकदा कित्येक वर्षं जातात. एनसीएएने ऑगस्ट २०२४ पासून खेळाच्या दुखापतींचा खर्च कॉलेज सोडल्यानंतर किमान दोन वर्षं उचलणं वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांना बंधनकारक केलं. दोन वर्षांनी मुलगा चोविशीत असतो. त्यानंतरचं घरच्यांनी बघायचं.

आता २०२०. ११ ऑगस्टला बिग टेन कॉन्फरन्सने सीझन पुढे ढकलला आणि दहा दिवसांनी शिकागोजवळ रोझमाँटच्या मुख्यालयासमोर पालक जमले. ओहायो स्टेटच्या एका खेळाडूच्या वडिलांनी हाक दिली होती. तुम्ही याला ‘आईबापांनाच खेळ हवा होता’ याचा पुरावा मानता. हवाच होता, नाही कसं म्हणू? पण पालक संघटनांच्या पत्रांतला सूर बघा. निर्णय कसा घेतला, कुठल्या वैद्यकीय माहितीवर घेतला, आमच्याशी कुणी का बोललं नाही, हे ते विचारत होते. विद्यापीठांच्या प्रमुखांचं मतदान झालं होतं की नाही, हेही त्यांना कुणी धड सांगत नव्हतं. ११ विरुद्ध ३ असं मतदान झाल्याचं बाहेर आलं ते नेब्रास्काचे खेळाडू कोर्टात गेले तेव्हा. त्याच ऑगस्टमध्ये इंडियानाच्या एका खेळाडूच्या आईने कोविडनंतर मुलाला झालेला त्रास जाहीरपणे लिहिला आणि इतर पालकांना सावध केलं. एकीला मुलाच्या जिवाची काळजी होती, दुसऱ्यांना मुलगा मैदानात हवा होता, आणि दोघांच्याही बोलण्यात मला एकच मागणं ऐकू येतं, आम्हाला विश्वासात घ्या. मॅकनेर कुटुंबाचंही याहून वेगळं नाही. मार्टिन मॅकनेर यांनी मुलाच्या नावाने संस्था काढली आणि ते उष्माघाताबद्दल खेळाडूंना, पालकांना, कोचना सांगत फिरतात. खेळ सोडा असं ते सांगत नाहीत.

मीही ते म्हणत नाही. माझ्यासारख्या इथल्या मराठी घरांतलीही काही मुलं आता हायस्कूलला फुटबॉल खेळतात, आणि ‘पाठवावं का?’ असं विचारणारे मेल मला येतात. मी नको म्हणत नाही. कॉलेज बघायला जाल तेव्हा स्टेडियम आणि लॉकर रूम ते दाखवतीलच, तुम्ही ट्रेनरला भेटायचं म्हणा, असं सांगते. त्याला विचारा, तुमचा साहेब कोण, क्रीडा विभाग की वैद्यकीय? बर्फाच्या पाण्याचा टब उन्हाळी व्यायामाच्या वेळी मैदानाशेजारी भरून ठेवलेला असतो का? मागच्या वर्षी तुम्ही बाहेर बसवलेल्या मुलाला कोचने परत मागितलं असं कधी झालं का, आणि तेव्हा काय झालं? प्रॅक्टिसमुळे कुठले विषय घेता येत नाहीत, हे तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या खेळाडूला कोच जवळ नसताना विचारा. आणि डोक्याला मार लागला तर घरी कळवायची लेखी परवानगी मुलाकडून पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा, तो अजून तुमचं ऐकतोय तोवर.