डांबरगोळ्या बागेत टाकायच्या नसतात: त्या 'सात उपायां'ना उत्तर

मावशीने परवा तिच्या गुलाबाच्या वाफ्याचा फोटो पाठवला. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी तीन-चार पांढऱ्या गोळ्या. खाली लिहिलं होतं, "बघ, दोन दिवस झाले, शेजारचा कुत्रा फिरकलेला नाही." मी लगेच फोन लावला आणि आधी विचारलं, छोटी कुठे आहे? मावशीची नात दीड वर्षाची आहे, नुकती चालायला लागली आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. ती तेव्हा अंगणातच होती.

गोळ्यांची कल्पना एका मेसेजमधून आलेली. तुमच्याकडेही तो पोचला असेल, मला तर एका आठवड्यात तीन ग्रुपवर आला. "शेजारचे कुत्रे तुमच्या बागेत घाण करतात? हे सात घरगुती उपाय करा, आठ दिवसांत कायमची सुटका. शंभर टक्के नैसर्गिक, कुत्र्याला कोणतीही इजा नाही." पुढे यादी: वाफ्यात डांबरगोळ्या टाका, कडेने तिखट भुरभुरा, लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, अमोनिया किंवा व्हिनेगर शिंपडा, कॉफीचा चोथा पसरा, संत्र्या-लिंबाच्या साली टाका, आणि विष्ठा उचलत बसू नका, मातीत कालवा, शेणासारखंच खत होतं.

त्रास खरा आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. सकाळी झाडांना पाणी घालायला जावं आणि पाय शीमध्ये पडावा, काल लावलेली रोपं उकरलेली दिसावीत, याने कुणाचंही डोकं फिरेल. मावशी महिनाभर हेच सोसत होती. म्हणून तर तिने त्या यादीवर विश्वास ठेवला, आणि यादीतला सगळ्यात घातक उपाय सगळ्यात आधी केला.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन, किंवा हल्ली पुष्कळदा पॅराडायक्लोरोबेंझिन. दोन्ही कीटकनाशकं आहेत. नॅप्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातून किंवा पेट्रोलियममधून काढतात, म्हणून तर आपल्याकडे तिला डांबरगोळी म्हणतात. यात "शंभर टक्के नैसर्गिक" काय आहे ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

ती काम कशी करते हेही समजून घ्या. घन गोळीची सरळ वाफ होते. पेटी किंवा कपाट घट्ट बंद असेल तर ती वाफ आत साठत जाते आणि कपड्यांना लागणारी कसर मरते. उघड्या बागेत वाफ साठणार कुठे? वाऱ्याबरोबर निघून जाते. उरतं ते फक्त विष, गोळीच्या रूपात, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर. अमेरिकेत ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत नॅशनल पेस्टिसाइड इन्फर्मेशन सेंटर चालतं. कीटकनाशकांबद्दल सामान्य लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हेच त्यांचं काम. त्यांचं म्हणणं स्वच्छ आहे: या गोळ्या हवाबंद डब्यात किंवा पेटीत वापरण्यासाठी आहेत, बागेत प्राणी पळवण्यासाठी टाकल्या तर मुलं, पाळीव प्राणी आणि इतर जीव धोक्यात येतात, शिवाय माती, झाडं आणि पाणी दूषित होऊ शकतं. पाकिटावरची सूचना वाचली तरी एवढं कळतं. मावशीने पाकीट फोडून टाकून दिलं होतं.

पोटात गेलेलं नॅप्थलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. काही माणसांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. जगात अशी सुमारे 40 कोटी माणसं आहेत, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. अशा मुलाने एक गोळी गिळली तरी रक्त झपाट्याने कमी होऊ शकतं. आपल्या घरातलं मूल त्यातलं आहे की नाही, हे तपासणी केल्याशिवाय कोण सांगणार? लक्षणं लगेच दिसतीलच असंही नाही. एक-दोन दिवस मूल बरं वाटतं, मग ते पांढरंफटक पडतं, लघवी गडद होते. कुत्र्याचंही तसंच: उलट्या, सुस्ती, फिक्या हिरड्या, लघवीचा बदललेला रंग. आणि कुत्रा गोळी खातो, कारण जमिनीवर पडलेलं तोंडात घालून बघणं हा त्याचा स्वभावच आहे. "कोणतीही इजा नाही" हे वाक्य कुणी कशाच्या आधारावर लिहिलं?

कुणी गोळी गिळलीच तर एक लक्षात ठेवा. घाबरून दूध किंवा तूप पाजू नका. नॅप्थलीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्याने ते अंगात उलट लवकर भिनतं. घरच्या घरी उलटी काढायच्या मागे लागू नका. उरलेली गोळी किंवा पाकीट बरोबर घ्या आणि तडक डॉक्टरकडे जा, कुत्रा असेल तर पशुवैद्याकडे.

तिखटाचं बोलायचं तर, कुत्रा मागे सरतो हे खरं, कारण त्याला भाजतं. मिरचीतलं कॅप्सायसिन नाकाच्या आणि डोळ्यांच्या नाजूक त्वचेला आग लावतं. कुत्र्याचं जग नाकाने चालतं, नाक जमिनीला लावूनच तो फिरतो, त्यामुळे पूड थेट आत जाते. पंजाला लागलेली तो चाटतो, त्याच पंजाने डोळे चोळतो. आणि एवढं करून तुम्ही झाडांना पाणी घातलंत की ती वाहून जाते, पुन्हा टाका. वारा सुटला तर तुमच्याच डोळ्यांत.

आता बाटल्या. हा उपाय इतक्या घरांपुढे दिसतो की लोकांना तो सिद्धच झालाय असं वाटतं. 1989 मध्ये जे नाइट्झ, टिमोथी गाइस्ट आणि जेराल्ड जेकब्स यांनी कुत्र्यांना रंग ओळखायला शिकवून त्यांची नजर तपासली. आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल आणि हिरव्यातला फरक मात्र कळत नाही. म्हणजे लाल पाण्याची बाटली त्याला लालभडक दिसतच नाही. निळी दिसते. पण दिसणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. निळ्या रंगाला कुत्र्याने भ्यावं असं त्यात काय आहे?

"आमच्याकडे फरक पडला" असं सांगणारे भेटतात, मावशीही तेच सांगत होती. ओळखीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की कुत्रा एक-दोन दिवस बिचकतो. मग हुंगतो, धोका नाही हे त्याला कळतं आणि वाट पुन्हा सुरू होते. उलट नर कुत्र्याला खूण करायला उभी वस्तू लागतेच, ती तुम्ही स्वतः आणून ठेवता. ज्यांच्याकडे दोन दिवस कुत्रा आला नाही ते मेसेज पुढे पाठवतात. ज्यांच्या बाटलीवरच त्याने पाय वर केला ते गप्प बसतात.

अमोनियाची सूचना तर कुत्र्याला आमंत्रण आहे. लघवीतल्या युरियापासून अमोनियाच तयार होतो. त्या वासाला कुत्रा समजतो की इथे दुसरा कुणी येऊन गेला, आणि त्यावर आपली खूण करतो. व्हिनेगरने पानं करपतात. कॉफीच्या चोथ्यात कॅफीन उरलेलं असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे, तेव्हा तोही नको.

साली? बरं, यात थोडं तथ्य आहे. संत्र्या-लिंबाचा उग्र वास पुष्कळ कुत्र्यांना आवडत नाही आणि ताज्या सालींपासून ते जरा लांब राहतात. साल वाळली की वास संपला. रोज ताज्या टाकायची तयारी असेल तर टाका, पण "कायमची सुटका" म्हणू नका.

खताचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. गाय गवत खाते, कुत्रा मांस खातो, दोघांच्या आतड्यातले जंतू आणि जंत वेगळे. कुत्र्याच्या विष्ठेत टॉक्सोकारा कॅनिस या जंताची अंडी असू शकतात. ताजी असताना ती लागण करत नाहीत, दोन-चार आठवड्यांत तयार होतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली तर अळ्या यकृतापर्यंत, फुप्फुसापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात. म्हणजे शी त्याच दिवशी उचलली तर धोका जवळपास टळतो, आणि मेसेज सांगतो की मातीत कालवा! भाजीच्या वाफ्यात तर अजिबात नाही.

मग करायचं काय? शी रोज उचला. जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने धुवा, म्हणजे जुना वास त्याला परत बोलावणार नाही. हिरवळीवर लघवी केली असेल तर लगेच भरपूर पाणी ओता, कारण गवत जळतं ते त्यातल्या जादा नत्रामुळे. कुंपणात फट कुठे आहे ते शोधा. मोकळी, भुसभुशीत माती कुत्र्याला आवडते, तिथे दाट झाडं लावा नाहीतर खडबडीत दगड पसरा. हालचाल टिपून पाणी उडवणारे स्प्रिंकलर मिळतात, ते खरंच काम करतात, कारण पाणी दर वेळी अचानक येतं आणि इजा कुणालाच होत नाही. आणि कुत्रा कुणाचा हे माहीत असेल तर त्या माणसाशी बोला. भांडायला जाऊ नका, बोला.

मावशीने त्याच संध्याकाळी हातमोजे घालून गोळ्या वेचल्या. पाकिटात वीस होत्या, सतरा सापडल्या. मग ती शेजारच्या काकांकडे गेली आणि त्यांना खरं काय ते सांगितलं, कुत्र्याच्या हिरड्यांवर आणि लघवीच्या रंगावर लक्ष ठेवायला सांगितलं. काकांना आपला कुत्रा पलीकडे जातो हेच माहीत नव्हतं. मेंदीच्या कुंपणात खाली एक भोक निघालं, ते दोघांनी मिळून जाळी लावून बंद केलं. कुत्रा आतापर्यंत ठीक आहे. तीन गोळ्या अजून मिळाल्या नाहीत, म्हणून छोटीला त्या वाफ्याकडे जाऊ देत नाहीत.