‘करतो’चं ‘करते’

मराठीत क्रियापदाला लिंग असतं, हे मी १२ मार्च २०२१ पर्यंत कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पुढच्या पंधरवड्यात म्हापशाच्या आमच्या काकांचं अख्खं पत्रक बाईच्या तोंडी घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काका पालिकेला उभे राहणार हे दिवाळीतच ठरलं होतं. पत्रक मी लिहिलं, कारण घरात ‘मराठी बरं’ माझं. ‘मी शब्द देतो’, ‘मी झटतो’, ‘तुमच्याच वाड्यावर फुटबॉल खेळत वाढलो’. फ्लेक्ससाठी फोटोही झाला. पांढरा शर्ट, हात जोडलेले, पोट आत ओढलेलं. ऐन वेळी फोटोग्राफरला फोन आला, तो बोलत राहिला आणि काका श्वास धरून जांभळे होत गेले. नेमका तोच फोटो पसंत पडला. चेहऱ्यावर तळमळ दिसते म्हणे.

१ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं प्रभाग आरक्षण रद्द केलं. महिलांना एक तृतीयांशापेक्षा कमी जागा चालत नाहीत, असं घटनाच सांगते. काकांनीही कुठूनशी घटना पैदा केली आणि कलम २४३ झेडजीवर बोट ठेवलं. ‘‘कोर्टाला निवडणुकीत हात घालताच येत नाही. वाच, मोठ्याने वाच!’’ मी दोनदा वाचलं. सरकार दिल्लीला अपिलात गेलं, काका बोडगेश्वराला गाऱ्हाणं घालून आले.

अपील टिकलं नाही. निवडणूक अडवायला मनाई आहे, ती नीट पार पाडायला नाही, अशा अर्थाचं काहीतरी ओळखीच्या वकिलाने समजावलं. शिवाय राज्य निवडणूक आयुक्ताचा जादा कार्यभार सरकारने स्वतःच्याच कायदा सचिवाकडे दिला होता, त्यावर न्यायालयाने चांगलेच कान उपटले. आयुक्त स्वतंत्र माणूस हवा, सरकारी नोकर नको.

‘‘बरोबरच आहे,’’ काकी गल्ल्यावरून म्हणाली. काकांचं भुसारी दुकान असलं तरी वजनकाटा तिच्या हातात. ‘‘आपल्याच गड्याला आपली मापं तपासायला बसवलं, तर तो काय सांगणार रे?’’

‘‘पण वीसातल्या सहा जागा काय कमी आहेत?’’ काका कळवळले. म्हापशात प्रभाग वीस.

‘‘वीसाचे तीन वाटे कर.’’

मी मोबाईलवर केले. ‘‘सहा पूर्णांक सहासष्ट.’’

‘‘किमान तेवढे नारळ हवेत म्हणून गिऱ्हाईक आलं, तर किती देऊ? सहा दिले तर कमी, सातवा फोडून द्यायची सोय नाही. सात!’’

या हिशेबात वकिलालाही खोट काढता आली नाही.

निवडणूक ३० एप्रिलच्या आत उरकायची होती. नवीन आरक्षण आलं आणि आमचा प्रभाग महिलांसाठी गेला. काका दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे घरी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘हिला उभी करूया. फोटोत मी मागे राहीन.’’ काकीला कोणी विचारलं नव्हतं. तिनेही हरकत घेतली नाही, फक्त गल्ल्याची किल्ली कमरेला खोचली.

मतदान २३ एप्रिलला. छापखान्यात पाच पालिकांचे उमेदवार रांगेत, त्यामुळे मी रातोरात बसून ‘देतो’चं ‘देते’ केलं, ‘झटतो’चं ‘झटते’, ‘सेवक’चं ‘सेविका’. सकाळी काकीने चष्मा लावून प्रूफ वाचलं आणि एका ओळीवर थांबली. ‘तुमच्याच वाड्यावर फुटबॉल खेळत वाढले.’

‘‘काकी, खोडतो ते,’’ मी जीभ चावली. तिचं माहेर सांगेचं.

‘‘राहू दे,’’ काकी काकांकडे न बघता म्हणाली. ‘‘कोणी विचारलंच तर सांगेन, गोलकीपर हे होते. म्हणून तर वॉर्ड सुटला.’’