मेफ्लॉवरचे प्रवासी आणि धर्मस्वातंत्र्याची सोयीस्कर कथा

इंग्लंडमधील धर्मछळाला कंटाळून ‘मेफ्लॉवर’ जहाजाने निघालेल्या यात्रेकरूंनी १६२० मध्ये अमेरिकेच्या ओसाड किनाऱ्यावर सर्वांसाठी धर्मस्वातंत्र्याची वसाहत वसवली आणि जहाजावरच लोकशाहीचा पाया घातला, असा मजकूर सर्रास फिरत असतो. त्यातले साल तेवढे निर्विवाद आहे.

छळाची गोष्ट खोटी नाही. इंग्लंडमधील स्क्रूबी या गावाच्या परिसरातील या विभक्तवाद्यांपैकी, म्हणजे राजमान्य चर्चशी संबंधच तोडलेल्या मंडळींपैकी, काहींना तुरुंगवासही घडला होता. मात्र त्यातून सुटण्यासाठी ते १६०८ च्या सुमारास हॉलंडला गेले आणि पुढे लायडन शहरात अकरा वर्षे राहिले, जेथे त्यांच्या उपासनेला फारशी आडकाठी नव्हती. तेथून निघण्याची जी कारणे त्यांचे पुढारी विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहून ठेवली आहेत, त्यांत पोटापाण्यासाठीचे अपार कष्ट, मुलांना लागणारे परके वळण, हॉलंडच्या स्पेनशी झालेल्या युद्धविरामाच्या तहाची संपत आलेली मुदत आणि धर्मप्रसाराची आशा यांचा समावेश आहे. प्रवासाला भांडवल पुरवले ते लंडनच्या व्यापाऱ्यांनी, आणि तेही सात वर्षांच्या भागीदारीच्या बोलीवर. जहाजावरील १०२ प्रवाशांपैकी लायडनच्या मंडळीतले सुमारे निम्मेच होते. बाकीच्या बहुतेकांना धर्मापेक्षा जमीन आणि रोजगार खुणावत होता.

धर्मस्वातंत्र्य त्यांना हवे होते, पण स्वतःपुरते. त्यांच्याच प्लिमथ वसाहतीने १६५० च्या दशकात क्वेकर या दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांविरुद्ध कायदे केले. (बॉस्टनमध्ये क्वेकरांना फाशी दिली ती शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने, या दोन वसाहतींची गल्लत नेहमीच होते.)

जहाजावर घातलेला लोकशाहीचा पाया म्हणून सांगितला जाणारा ‘मेफ्लॉवर करार’ तर अडचणीतून जन्मला. मिळालेला परवाना व्हर्जिनियाच्या हद्दीचा होता आणि जहाज लागले त्या हद्दीबाहेर, उत्तरेकडच्या केप कॉडला. तेव्हा येथे आमच्यावर कोणाचाच अधिकार चालत नाही, असे काही प्रवासी बोलू लागले. त्यांना बांधून घेण्यासाठी ४१ पुरुषांनी सह्या केलेल्या या छोट्याशा मजकुरात राजा जेम्सवरील निष्ठा आवर्जून नोंदवली आहे. बहुमताच्या कारभाराची बीजे त्यात शोधता येतात. पण व्हर्जिनियात निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा १६१९ मध्येच भरली होती.

राहिला ओसाड किनारा. प्लिमथ वसले ते पटक्सेट या मूळ रहिवाशांच्या गावाच्या जागेवर, जे युरोपीय जहाजांच्या वावरानंतर पसरलेल्या साथीने काही वर्षांपूर्वीच उजाड झाले होते. वसाहतकऱ्यांना मक्याची लागवड शिकवणारा टिस्क्वांटम याच गावचा होता. एका इंग्रज कप्तानाने १६१४ मध्ये त्याला पळवून स्पेनला नेले होते, म्हणून तो साथीतून वाचला. आसपासच्या प्रदेशात वॅम्पानोग लोक राहतच होते आणि त्यांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याशी वसाहतीने मार्च १६२१ मध्ये परस्पर संरक्षणाचा तह केला.